कारभारीकाकाचा गळ

डोणगाव,
२ मार्च २०२५

जयमाला मावशीले गोकुळचं पाया पडणं. लांबूनच पडतो, जवळ आलो की तू कान पिळते.

मावशे, तू फोन ठेवत नाई म्हणून हे लिहाचं काम अंगावर आलं. घरात एकच फोन होता अन् तो काकासंग पाण्यात गेला, हे समजते. पण नवा घ्यायचाच नाई, हे काय? दहावीनंतर मी एवढं लिहिलं नाई, अन् दहावीतही पुढच्याचं पाहूनच लिहिलं होतं. आपल्या गावचा गजेंद्र मेहकर-मलकापूर गाडीवर कंडक्टर हाय. तो मोताळ्याच्या स्टँडवर चहावाल्याजवळ पत्र ठेवीन. तू बाजाराले आली की घे, अन् जवाब तिथंच ठेव.

काम असं हाय. आमच्या गावामागच्या तलावात एक मरळ हाय. सापाच्या तोंडाची, माझ्या मांडीएवढी. हवा घ्यायले वर येते तवा असा आवाज होते, की मागं कोनी तांब्या तोंडाले लावून घटाघट पाणी पिऊन राह्यलं. पहिल्या खेपेले मी खरंच मागं वळून पाह्यलं. कोनी नव्हतं.

तिले जिवंत बेडकी लावली, गांडूळ लावलं, कोंबडीचं काळीज लावलं. शिवत नाई. मंग मोबाईलवरून रबरी अळ्या मागवल्या. तिनं जवळ येऊन पाह्यल्या अन् शेपटी मारून गेली, जशी आमच्या गल्लीतली प्रतीक्षा मले पाहून जाते. दोनचारदा गळ शिंगाड्याच्या वेलीत अडकून तुटला तो वेगळाच.

माय म्हणते, तुझा काका नळगंगेच्या धरणावर रबरी अळीनं मरळी काढायचा तवा लोक बाजार सोडून पाहाले जायचे. काकाचा अळ्यांचा डब्बा तुझ्याकडं पडून हाय. तो मले पाठव न. गेल्या भादव्यात, काका जिच्यावर बसून धरणात जायचा ती टायरची ट्यूब एकटीच काठाले लागली, काका लागला नाई. आता त्या अळ्या कोन वापरते? पडून पडून रबर चिकट होते.

आणखी एक लिहितो, राग मानू नको. काकाचं मढं भेटलं नाई म्हणून त्याच्या मोठ्या भावानं, महादेवरावनं, पळसाच्या पानाचा काका करून जाळला तवा मले हसू आलं होतं. सारे रडून राह्यले होते अन् मले वाटे, हा तर रबरी अळीसारखाच, खऱ्याच्या जागी खोटा. काका काही याले फसत नाई.

डब्बा पाठव.
गोकुळ


नळगंगेच्या काठावरून,
११ मार्च

गोकुळ,

पत्र भेटलं. त्याच्यावरचा चहा गजेंद्रनं सांडला का तू?

डब्बा देत नाई. मागणारे लय येऊन गेले. एकजण तर मातीले आला होता तवाच डोळे डब्याकडं होते.

शिकवते मात्र. लोक तुझ्या काकाले उस्ताद म्हणायचे. पण त्यांच्या हाताले कायम तंबाखूचा वास, अन् म्हातारी मरळ वासानंच ओळखते की मागं माणूस हाय. म्हणून अळ्या गळाले मीच लावायची. ते फक्त फेकायचे. गावात हे कोनाले सांगितलं नाई, उस्तादाची इज्जत राहू देली.

पहिले हात राखेनं धू. गळ वाकड्या मानेचा घे. टोक अळीच्या डोक्यात नखभर घाल अन् बाजूनं बाहेर काढ. मंग अळी दांडीवरून वर सरकव, डोकं गळाच्या नाकाले भिडलं पाहिजे. आता गळ उलटा फिरव, अन् टोक पोटातून घालून पाठीपर्यंत आण. पाठीतून बाहेर काढायचं नाई. कातडीखाली राहू दे. डोळ्याले दिसू नाई, बोटाले लागलं पाहिजे. असा गळ वेलीत अडकत नाई. मरळीनं तोंड मिटलं की रबर दबते अन् टोक आपसूक बाहेर येते.

अळी सरळ लटकली पाहिजे. कुठं चुणी पडली तर पाण्यात गरगरते, अन् तिले समजते.

अन् ओढायची घाई करू नको. शहाणी मरळ पहिले नुसतं तोंडात धरून पाहते. तवा दोर ढिला ठेव. तिले वाटू दे की दुसऱ्या बाजूले कोनीच नाई. दोर बाजूले चालाले लागला, मंगच ओढ. पण तुझ्यासारख्या उतावळ्याचं हे काम नाई.

पानाच्या काकाले हसला ते बरं केलं. मलेही त्याच्यात ते दिसले नाई. आता महादेवराव मागं लागले की अखजीले, अक्षय तृतीयेले, घागर भर. मेलेल्या माणसाची पहिली अखजी, घरात नवी घागर भरून नाव घेतलं नाई तर तो तहानेनं फिरते म्हणतात. जेठ हायेत, तोंडावर बोलता येत नाई. पण मी भरत नाई. काऊन, ते विचारू नको.

जयमाला


डोणगाव,
१७ मार्च

मावशे, पहिले खाली बस. बसली? आता वाच.

तू सांगितलं तशी अळी लावली. राखेनं हात धुतले, तर माय म्हणे भांडे घासाले लागला का बे. सराव व्हावा म्हणून धुळवडीले एक अळी गजेंद्रच्या तिकिटाच्या पिशवीत टाकली. त्यानं हात घातला अन् चालत्या गाडीत अशी बोंब ठोकली की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. अळी सरळ लटकत होती, चुणी नव्हती.

पण ते राहू दे. काल एक मरळ भेटली. ती मोठी नाई, तिची नात असन. दोर ढिला ठेवला, बाजूले चालला, मंग ओढला, सारं तुझ्या म्हणण्यासारखं. काठावर घेतली अन् पाहतो तर तिच्या जबड्यात दुसरा गळ रुतून होता. जुना, गंजलेला. अन् त्याच्यावर हिरवी अळी, शेपटी मधातून चिरलेली. मावशे, काकाचीच. मी पाहाल्याबरोबर ओळखली.

माझ्या अंगावर काटा आला. आता तूच सांग, एवढ्या मोठ्या दुनियेत तो गळ माझ्याच हाती काऊन आला? काका सांगून राह्यला की डब्बा गोकुळले दे. मी आपला निरोप्या.

गोकुळ


२१ मार्च

गोकुळ,

अळी घसरू नाई म्हणून मी गळाच्या दांडीले नेहमी काहीतरी गुंडाळून देत होती. तुले भेटलेल्या गळाले काही होतं का? होतं तर काय? पहिले याचा जवाब दे. बाकी मंग बोलू.

जयमाला


डोणगाव,
२४ मार्च

होतं मावशे, होतं. लाल धागा. तुझ्या लुगड्याचा असन. पाण्यात राहून फिक्का पडला, पण लालच. मले पाहून रडू आलं.

गोकुळ


नळगंगेच्या काठावरून,
पाडवा

गोकुळ,

लागला तू गळाले.

दोर ढिला सोडला अन् तू बाजूले चालाले लागला. लाल धागा मी जन्मात लावला नाई. लाल पाण्यात उठून दिसते, मरळ पळते. अन् दुसरं. नळगंगेचं पाणी पूर्णेले जाते, तुमच्या तलावाचं पैनगंगेले. मधात अख्खा घाट हाय. धरणातली मरळ काय एसटीनं आली? खोटं बोलताना नकाशा तरी पाहत जा.

डब्बा पाठवून राह्यली. गजेंद्र सांगे, पोराच्या हाताले आता अळी सरळ लागते. खोटारडा हाय पण हात चांगला हाय, वाया जाऊ नाई.

तुले रागवत नाई. पण तुझं पत्र वाचलं अन् मी चुलीपुढून उठलीच नाई, तव्यावरची भाकर कोळसा झाली. खरं असतं तर लय बरं झालं असतं. काऊन, ते आता सांगते. कोनाजवळ बोलू नको. बोलला तरी कोन तुझं खरं मानते म्हणा.

त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मोठं नाई, नेहमीचंच. ते जातील तवा गळ तोडून येतील, अन् मी पुन्हा नवा बांधत बसू. त्या दिवशी धागाही नव्हता घरात. हाताशी होतं ते दांडीले गुंडाळलं, गळ त्यांच्या पुढ्यात टाकला अन् म्हणली, हा परत आणला तरच घरात पाय ठेवा. नाई तर बाहेरच राहा. ते हसले, ट्यूब खांद्यावर घेतली अन् गेले.

तवापासून सकाळी दार उघडलं की उंबरठ्याबाहेर ओल असते. पावलं नाई, नुसती ओल, माणूस ओल्या धोतरानं उभा राह्यला की होते तेवढी. हिवाळ्यात म्हणलं दव असन. आता अंगण तव्यासारखं तापते, भेंडीच्या वाफ्यातलं पाणी दुपारपर्यंत राहत नाई. दारातली ओल राहते. आत कधीच येत नाई. मी म्हणून पाह्यलं, या, ते रागात बोलली होती. येत नाईत. त्यांचं तसंच होतं, शब्द धरून बसायचे.

आता तूच सांग. घरात घागर भरून ठेवू, अन् त्यांना बाहेर उभं राहून पाहू देऊ? त्याच्यापेक्षा नाई भरलेली बरी. महादेवरावले एवढंच सांगितलं की त्यांचा गळ परत आल्याशिवाय घागर भरणार नाई. त्यांना वाटते माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

त्या गळाले काय गुंडाळलं होतं, ते माझ्याशिवाय कोनाले माहीत नाई. तुलेही सांगत नाई.

जयमाला


डोणगाव,
२६ एप्रिल

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाई. डब्बा भेटला तवाच लिहाले पाहिजे होतं. पण ते ओलीचं वाचलं अन् डब्बा उघडाची हिंमत झाली नाई. मायनं विचारलं, काऊन बे, आता भेटला तर पाहत नाई? मी म्हणलं, परीक्षा हाय. ती हसली. मले कोनती परीक्षा.

गेल्या आठवड्यात महादेवराव आले. मायशी इकडचं तिकडचं बोलले, चहा पेले, अन् मले तलावाकडं फिराले घेऊन गेले. मले वाटलं आता मार बसते. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणे, तू पोट्टा लय नकला करतो, एक माझ्यासाठी कर. एक जुना दिसन असा गळ बनव अन् तिले पाठव, म्हणा सापडला. अखजी तोंडावर आली, माझा भाऊ तहानलेला राहीन अन् ही बाई त्या दारात झिजून मरीन.

मी म्हणलं, ते खोटं होईन.

त्यांनी खांद्यावरचा हात काढला. मंग म्हणे, "पानाचा जाळला तोही खोटाच होता न बाबू. मी काय खुशीनं जाळला?"

मावशे, जन्मात पहिल्यांदा कोन्या मोठ्या माणसानं मले खोटं बोलाले सांगितलं, अन् माझं मनच होईना. तरी मी हाव म्हणलं. तुझ्यासाठीच म्हणलं. त्या दारातली ओल माझ्याही डोळ्यापुढून जात नव्हती.

डब्यातून एक हिरवी अळी घेतली. गळ मीठ-लिंबात ठेवून गंजवला. तुझं वाक्य ध्यानात होतं, हाताशी होतं ते गुंडाळलं. शेतकऱ्याच्या घरी हाताशी काय असते? सुतळी. सुतळीचा एक तंतू काढला अन् दांडीले गुंडाळला. अळी लावली, टोक पाठीच्या कातडीखाली, चुणी नाई. फक्त रबर नवं दिसून राह्यलं होतं. म्हणून दोराले बांधून तलावात टाकलं. मासा धरायचाच नव्हता. शेवाळात मुरू द्यायचं होतं, बस.

भर दुपार होती. तलावावर चिटपाखरू नाई. मी बाभळीखाली बसलो अन् मागं आवाज आला, घटाघट. तांब्यानं पाणी पेल्यासारखा. पाण्याकडं पाह्यलं तर पाणी स्थिर, एक वलय नाई. आवाज पाण्याकडून आलाच नव्हता. ह्या खेपेले मी मागं वळून पाह्यलं नाई.

अन् दोर बाजूले चालाले लागला.

मासा लागते तवा दोर थरथरते, हे तुले माहीत. हा थरथरत नव्हता. कोनी बोट धरून हळूच सोबत चालावं, तसा चालला. मी ओढला नाई. आईच्यान ओढला नाई. तोच वळला अन् काठाकडं आला. ती मोठी मरळ होती. झटका नाई, तडफड नाई. माझ्या पायाशी चिखलात येऊन पडली अन् तोंड उघडं करून राह्यली, दवाखान्यात करतात तसं.

तिच्या तोंडात दोन गळ होते. एका बाजूले माझा. दुसऱ्या बाजूले जुना, हाडात बसलेला, वरून मास वाढलेलं. अळीचं नुसतं डोकं उरलं होतं. दांडीले काहीतरी गुंडाळलं होतं. मले वाटलं नायलॉनचा तंगूस असन. काढून उन्हात धरलं तर केस होते, मावशी. माणसाचे. एक काळा अन् एक पांढरा, एकात एक पीळ घातलेले.

मरळ सोडून देली. ती गेली तरी पाणी हाललं नाई.

घाट मधात हाय, हे तूच लिहिलं होतं. मी नकाशाही पाह्यला, माझ्या दोस्ताच्या, प्रसेनजितच्या मोबाईलवर. पाणी कुठंच भेटत नाई. मले काही समजत नाई अन् मी समजून घ्यायच्याही मागं नाई.

तू म्हणशीन, गोकुळनं दुसऱ्यांदा गळ टाकला. म्हणण्याचा तुले हक्क हाय. मी शपथ घेतली तरी लोक हसतात, म्हणून घेत नाई. दोन्ही गळ पाठवून राह्यलो. सुतळीचा माझा, खोटा. दुसरा माझा नाई. महादेवरावले यातलं काही सांगितलं नाई.

मायले वाटते मले ताप हाय. ताप नाई. परवापासून मले पाणी पेवत नाई. तांब्या तोंडाले लावला की वाटते, मागं कोनी उभं हाय अन् त्याले अजून भेटलं नाई.

गोकुळ


नळगंगेच्या काठावरून,
१ मे

गोकुळ बाबा,

गजेंद्रनं पुडा चहावाल्याजवळ ठेवला नाई. मलकापूरची फेरी करून स्वतः घरी घेऊन आला. म्हणे, मावशी, पुडा चिमूटभर हाय पण मांडीवर लय जड लागते. चहा पण पेला नाई त्यानं, उंबरठ्याबाहेरूनच गेला.

सुतळीचा गळ चुलीत टाकला. चांगला केला होता. महादेवराव फसले असते.

दुसरा हातात घेतला अन् खाली बसली. त्या दिवशी मी वेणी घालत होती. तुझे काका मागून आले अन् म्हणे, जयमाले, तुले पांढरा आला. माझा पहिलाच होता. तो त्यांनीच उपटला अन् हसत माझ्या हातावर ठेवला. भांडण तिथूनच झालं, गळाचं निमित्त. फणीतून एक काळा ओढला, दोन्ही पिळले अन् दांडीले गुंडाळले. तो पीळ माझाच हाय. मी उलटा पिळते, डाव्या हाताचा. तुले ते सुचलं नसतं, अन् पाह्यल्याशिवाय जमलंही नसतं.

महादेवरावले मी काही बोलली नाई. अखजीले सकाळी ते आले तर मी अंगण सारवून, घागर धुऊन बसली होती. त्यांचे डोळे भरले. त्यांना वाटलं त्यांची युक्ती लागू पडली. वाटू देलं. लहान्या भावासाठी खोटं पेरलं त्या माणसानं, त्याले काय म्हणू?

गळ उंबरठ्याच्या आत ठेवला. म्हणली, "आणला न तुम्ही. या आता."

मंग घागर भरली. कोपऱ्यात, देवाच्या खाली. वर आंबा ठेवला, कुरडया ठेवल्या, त्यांच्या नावानं पान वाढलं. महादेवराव जेवले अन् ओसरीवर झोपले. मी दाराकडं पाहत बसली. काही झालं नाई. दिवस मावळला तसा मावळला.

आज सकाळी दार उघडलं. बाहेर कोरडं. भादव्यापासून पहिल्यांदा कोरडं. मागं वळली तर ओल आत होती. उंबरठ्यापासून निघून सारवलेल्या जमिनीवरून थेट घागरीपर्यंत. मधात कुठं थांबली नव्हती.

घागर अर्धी झाली होती.

महादेवरावले दाखवली. ते म्हणे, नवी घागर हाय, झिरपते. मलेही वाटलं, असन. म्हणून दोन्ही हातानं उचलून पाह्यली.

खालची जमीन ठणठणीत कोरडी होती.

त्यांना भेटलं, गोकुळ. तूही आता पाणी पी.

जयमाला